गाडी कोण चालवणार?

खाजाभाईंचा फोन सकाळी दहाच्या सुमारास आला. मी उमरग्यात घरीच होतो, बाजारातून आणलेली मेथी पिशवीतून काढत होतो. खाजाभाई म्हणजे जळकोटजवळच्या अप्पांच्या हॉटेलातले आचारी. इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. फोन करायचे ते अप्पा. त्यामुळं नाव दिसलं तेव्हाच मी पिशवी खाली ठेवली.

"सर, अप्पा गेले," खाजाभाई म्हणाले. "दोन दिस छातीत दुखत व्हतं, कुणाला बोलले न्हाईत. काल सोलापूरला न्हेलं... पहाटं गेले."

मी खुर्चीत बसलो. बायको, रेखा, निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून जवळ आली. दुःख मागाहून आलं. आधी आली ती भीती, आणि अप्पांना जाऊन सव्वा महिना झाला तरी ती गेलेली नाही. ती कसली, हे सांगायचं तर मला स्वतःबद्दल एक गोष्ट लिहावी लागेल, जी मी सोळा वर्षं कुणाला सांगितली नाही. माझे कितीतरी विद्यार्थी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. पुण्यात असलेली माझी मुलगीही वाचते. पण ती गोष्ट वगळून अप्पांविषयी लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

मल्लिनाथअप्पांचं हॉटेल जळकोट सोडून उमरग्याकडं निघालं की हायवेच्या कडेला लागतं. पुढं परमिट रूम, मागं पडदा लावलेली सहा टेबलांची फॅमिली रूम. बोर्डावर कसलंसं झगमगीत नाव आहे, पण पंचक्रोशीत ते 'अप्पाचं हॉटेल'च. पुढच्या खोलीत गावातले लोक शेतातून परत येताना टेकायचे, मागं हायवेवरची कुटुंबं जेवायची. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि हातात गिऱ्हाइकाच्या मटणाची थाळी. स्वतः त्यांनी मांसाला आणि दारूला जन्मात तोंड लावलं नाही, पण कोणाला काय रुचेल हे त्यांना बघताक्षणी कळायचं. म्हातारं माणूस दिसलं की कडक भाकरीऐवजी मऊ भाकरी सांगायचे. लहान मूल असलं की न मागता अळणी रश्शाची वाटी यायची, सोबत भात. शेंगदाण्याची चटणी संपत आली की ते पुन्हा वाढून जायचे, आणि आपल्याला वाटायचं हा माणूस आपल्याच टेबलाकडं बघतोय. खरं तर ते सगळ्याच टेबलांकडं बघत असायचे. किती ग्लास झाले, हेसुद्धा.

सोळा वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या दिवसांत, मी रेखाला आणि आमच्या स्वातीला घेऊन तिथं जेवायला गेलो. स्वाती नऊ वर्षांची होती, तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचो आणि नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. दुपारी तीनला बसलो. आधी बिअर घेतली, मग व्हिस्की सांगितली. आनंदाचा दिवस आहे, असं मी रेखाला दोनदा म्हणालो. स्वाती कंटाळून पडद्याशी खेळत होती. तिसरा पेग सांगितला तेव्हा अप्पा स्वतः आले, पण हातात ग्लास नव्हता.

"सर, गाडी कोण चालवणार?"

"मीच. का?"

"मग आता बास करा. वाटल्यास चावी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. चहा घ्या, तासभर बसा. न्हाय तर मी सोडून येतो."

आजूबाजूची दोन टेबलं आमच्याकडं बघायला लागली. मला ते सहन झालं नाही. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला मी अरेतुरे केलं. "दारू तूच विकतोस आणि मला शिकवतोस?" असं म्हणालो. रेखानं मान खाली घातली होती. मी बिल टाकलं, स्वातीचा हात धरला आणि बाहेर पडलो. गाडी सुरू करताना आरशात दिसलं, अप्पा धोतर खोचून आपली मोटारसायकल काढत होते.

ते आमच्या मागं निघाले. उजेड होता तरी त्यांनी दिवा लावला होता आणि ते तो सारखा चालू-बंद करत होते. थांबा म्हणत होते ते. मला राग चढला, मी वेग वाढवला. रेखा म्हणाली, "अहो, हळू..." आणि पुढं बोललीच नाही. दिवस मावळत आला होता. मी पुन्हा आरशात बघितलं. समोर बघितलं तेव्हा रस्ता नव्हता, ऊस होता. चाकावरचा पाटा तुटलेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना लाल फडकं. मी ब्रेक दाबला की दाबला गेला, ते आजही सांगता येत नाही. गाडी फिरली, रस्त्याखाली उतरली आणि थांबली. उसाची टोकं रेखाच्या बाजूच्या काचेपासून हातभर अंतरावर होती. कुणी ओरडलं नाही. स्वातीचासुद्धा आवाज आला नाही, आणि मागं वळून बघायचं धाडस मला होईना... त्या चार-पाच क्षणांत मी जे मनात पाहिलं, ते अजूनही कधीतरी भर दुपारी, पोळीचा घास हातात असताना दिसतं.

मागचं दार उघडलं ते अप्पांनी. त्यांनी स्वातीला उचलून बाहेर घेतलं, तिच्या डोक्यावरून, हातांवरून, पायांवरून हात फिरवून बघितलं. "दुखतंय का गं माय कुठं?" ती नाही म्हणाली आणि मग रडायला लागली. तिला रेखाच्या मांडीवर देऊन अप्पा चार पावलं चालले, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांना भडभडून उलटी झाली. भीतीनं माणसाला उलटी होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी मात्र कोरडाच उभा होतो.

मोटारसायकल तिथंच कडेला लावून आमच्याच गाडीतून त्यांनी आम्हाला उमरग्याला आणलं. सारा रस्ता मी शिव्यांची वाट बघत होतो. दारात चावी रेखाच्या हातात देऊन ते एवढंच म्हणाले, "पोरगी नीट जेवली न्हाय तिथं. दूधभात द्या तिला." आणि ते एसटी स्टँडकडं चालत गेले.

माफी मागायला जायला मला पंधरा दिवस लागले. दुपारची वेळ होती, फॅमिली रूम रिकामी होती. अप्पांनी मला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि आपणहून सांगितलं. आमच्या आधी काही वर्षं, नव्या मोटारसायकलवरून एक तरणाताठा गडी आला होता. लग्न ठरलेलं. पोटभर जेवला, प्यायला, खाजाभाईंना हाक मारून मटणाचं कौतुक केलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले.

"भांडायला आले असं वाटलं मला. पण त्यांनी हळूच इचारलं, 'माझ्या पोरानं शेवटी काय खाल्लं?' मी सांगितलं. ते म्हणाले, 'तेच वाढा.' ह्याच टेबलाला बसले, सर. सगळी थाळी खाल्ली. वाटी पुसून खाल्ली. मी समोर उभा व्हतो... मला पळून जावं वाटत व्हतं."

तेव्हापासून अप्पा प्रत्येक जाणाऱ्या गाडीला भ्यायचे. माफीच्या त्या दिवसानंतर आमचं कुटुंब तिथं जातच राहिलं, मी पुन्हा कधी ग्लास मागितला नाही, आणि दर वेळी घरी पोचायच्या सुमाराला फोन वाजायचा, "सर, पोचला का?" ओळखीच्या साऱ्या गिऱ्हाइकांना तो फोन जायचा. कुणी हसायचं, कुणी वैतागायचं. एकदा फोन उचलायचं राहून गेलं तर तासाभरानं अप्पा स्वतः दारात हजर, चेहरा पांढराफटक. रेखा दिसताच त्यांनी उंबऱ्यावर बसूनच पाणी मागितलं.

लोकांनी त्रासही दिला. चावी मागितली म्हणून एकानं माझ्यादेखत त्यांची गचांडी धरली. अप्पांची चावी धरलेली मूठ सुटली नाही. नंतर मी म्हणालो, "अप्पा, धाडस लागतं याला." ते चिडले. "धाडस कुठलं वो? भ्याव हाय नुसतं. लई भ्याव." एकदा मी विचारलं, एवढं आहे तर दारू बंद का करत नाही? ते टेबल पुसायला लागले. "बंद केली तर पुढं दोन कोसावर दुसरं हाय, तिथं कोण इचारणार? असं मी सोताला सांगतो. पण पोट बी हाय, सर. ते बी खरं." या उत्तरानं त्यांना झोप लागत असेल असं मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि रेखा तिथं गेलो. भर दुपार. गल्ल्यावर अप्पांच्या पत्नी महानंदाबाई होत्या, आत खाजाभाई. शेजारच्या टेबलाला एक जोडपं, सोबत दोन वर्षांचं मूल. नवऱ्यानं तिसरा ग्लास मागवला. खाजाभाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडं बघायला लागले. महानंदाबाईही बघत होत्या. उठायला नको, आपला काय संबंध, असं मी मनात म्हणत होतो आणि रेखा म्हणाली, "जा ना."

त्या माणसापाशी गेलो आणि विचारलं, "गाडी कोण चालवणार?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण?"

गिऱ्हाईक, म्हणालो. तो खुर्ची मागं सारून उठला. मी डोळे मिटले असावेत, कारण पुढं जो आवाज आला तो कुणाचा, हे आधी कळलंच नाही. त्याची बायको बोलत होती, अगदी हळू. "मला येतंय चालवायला. हेच देत न्हाईत." तिनं टेबलावरची चावी उचलली, मुलाला कडेवर घेतलं आणि ती चालू लागली. तोही तिच्या मागं मागं गेला.

खाजाभाई आणि मी पायरीवर आलो. तिनं गाडी सावकाश मागं घेतली, दोनदा बंद पडली, मग हायवेला लागली. खाजाभाई म्हणाले, "चला सर, रस्सा निवतोय." मी हो म्हणालो. पण गाडी दिसेनाशी झाली तरी माझा पाय निघेना. ती नीट पोचली का, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.