दिवा पिणारं इंजिन

खंडेनवमीला आमची सातपूरची औद्योगिक वसाहत एकदम गप्प होते. एरवी इथं भिंतीसुद्धा थरथरत असतात. प्रेसचे ठोके, ग्राइंडरची किरकिर, लोखंड उतरवणाऱ्या ट्रकचा धडधडाट. त्या दिवशी यंत्रं पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, आणि मग कुणी त्यांना चालवत नाही. यंत्रांची सुट्टी. कान रोजच्या आवाजाला इतके सरावलेले असतात की तो नसला की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहतं.

मी मेकॅनिकल इंजिनियर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. वडील मखमलाबादच्या बाजूला झेंडू आणि भाजी करतात, आई ती पंचवटीत विकते. माझं डिग्रीचं प्रमाणपत्र वडिलांनी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. मैत्रिणी हसतात. हसू देत, मला त्याचा अभिमान आहे. एका जुन्या कारखानदाराच्या ट्रस्टनं इथं यंत्रांचं छोटं संग्रहालय काढलंय, ते मी सांभाळते.

आमच्याकडचा सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे हातानं घडवलेली लहान इंजिनं. खेळणी नव्हेत. मुठीत मावतील एवढी, पण खरी, पेट्रोलवर चालणारी. करंगळीच्या पेराएवढा पिस्टन, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. एका टर्नरनं निवृत्त झाल्यावर घरच्या लेथवर ती केली. ते वारले आणि घरच्यांनी सगळी आम्हाला दिली. टाक्या मी स्वतः रिकाम्या केल्या होत्या, तरी सकाळी हॉलचं दार उघडलं की जळक्या एरंडेलाचा वास यायचा, जणू आत्ताच कुणीतरी इंजिन बंद करून बाहेर गेलंय. ते इंजिनांना एरंडेल वापरायचे आणि तेल धातूत मुरतं, एवढं मला कळतं. तरी मी उंबऱ्यात क्षणभर थांबायचेच.

त्यातलं शेवटचं इंजिन वेगळं होतं. त्याला टाकी नव्हती, कार्बोरेटर नव्हता, स्पार्क प्लग नव्हता. एक सिलिंडर, एक चाक, आणि सिलिंडरच्या अंगाला उघडी फट. पितळी बैठकीवर फटीच्या समोर एक गोल खळगा, त्यात काहीतरी बसवायचं राहून गेल्यासारखा. नोंद करताना मी सहज फटीवर बोट ठेवलं आणि चाक फिरवलं. आतून बोट ओढलं गेलं. वासरू बोट चोखतं ना, तसं. मी हात झटकला. पिस्टन मागे गेला की हवा ओढली जाणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं स्वतःला सांगितलं आणि पाटी लिहिली: अपूर्ण.

टर्नरकाकांची बायको अधूनमधून यायची. मी तिला काकू म्हणायचे. इतर इंजिनांकडे बघायचीसुद्धा नाही. त्या एकासमोर स्टूल घेऊन बसायची. पाटी तिनं पहिल्याच दिवशी वाचली होती.

"अपूर्ण नाय गं ते," ती म्हणायची. "झालं म्हणाले होते ते मला."

त्यात काय काय नाही ते मी तिला समजावून सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी तेच म्हणायची.

तिच्या मुलानं मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तो पन्नाशीचा, सरकारी नोकरीतला, नाशिक रोडला राहतो, फार कमी बोलतो. शेवटच्या वर्षात वडिलांचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं, म्हणाला. नातवंडांची नावं विसरले. देव्हाऱ्यातलं निरांजन उचलून आपल्या खोलीत न्यायचे. खिडक्या लावून, पंखा बंद करून, भर दुपारी अंधारात निरांजन पेटवून इंजिनासमोर बसायचे. कुणी दार उघडलं की ओठांवर बोट ठेवायचे, "हळू बोला, तो दिवा पितोय." सुनेनं मुलांना त्या खोलीत पाठवणं बंद केलं. निरांजन रोज काजळीनं काळं व्हायचं. घर पेटेल एक दिवस, म्हणून मुलानं घरातल्या सगळ्या काडेपेट्या कपाटात कुलपात ठेवल्या. वडिलांनी मागितल्या, त्यानं दिल्या नाहीत. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत.

"आईला वाटतं ते शेवटपर्यंत शुद्धीत होते," तो म्हणाला. "वाटू दे. पण मॅडम, दिवा पितोय म्हणणारा माणूस शुद्धीत असतो का?"

काकूनं हे लांबून ऐकलं असावं. स्टुलावरून न उठता ती म्हणाली, "नावं विसरले. हात नव्हते विसरले."

नवरात्राच्या आधी ट्रस्टच्या बैठकीत ठरलं की अपूर्ण वस्तू काचेआड ठेवायच्या नाहीत, दिवाळीनंतर ते इंजिन तळघरात न्यायचं. ही गोष्ट काकूला सांगणं माझ्याकडे आलं. ती रडली नाही. तळघरात म्हणजे वेड्याला खोलीत ठेवतात तसं का, एवढंच तिनं विचारलं. मग म्हणाली, दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा ती आणि काका मिळून करायचे, यंदा ती इथं करू दे. मी हो म्हणाले.

झेंडू आमच्याच शेतातला. आईनं टोपली भरून दिली आणि म्हणाली, एवढ्याशा इंजिनाला कसला हार, फूल अंगावर पडलं तर चेंगरेल बिचारं. हार जमणार नव्हतेच. मी प्रत्येक इंजिनापुढे एकेक फूल ठेवत गेले. काकू घरचं निरांजन घेऊन आली होती, तेच ते. मुलगा दाराशी उभा होता, चप्पल काढून.

"पंखे बंद कर गं, विझंल," काकू म्हणाली. मी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, काचेची झाकणं उचलून बाजूला ठेवली. बाहेर वसाहत मुकी. हॉलमध्ये आमच्या श्वासांशिवाय काही नाही, आणि तो एरंडेलाचा वास.

निरांजन ठेवायला टेबलावर सपाट जागा नव्हती. सगळीकडे फुलं आणि इंजिनं. काकूनं ते पेटवलं आणि त्या शेवटच्या इंजिनाच्या पितळी खळग्यात ठेवलं. ते तिथं बसलं. नुसतं मावलं नाही, बसलं. बूड खळग्यात अगदी नेमकं. ज्योत फटीच्या समोर आली. मी बघितलं आणि माझ्या मानेवर काटा आला, पण का ते मला अजून कळलं नव्हतं.

काकूनं आधी बाकीच्या इंजिनांना हळदकुंकू लावलं, सावकाश, एकेक. तेवढा वेळ ज्योत फटीशी जळत राहिली. मग ती त्या इंजिनापाशी आली आणि कुंकवाचं बोट चाकाला टेकवलं. बोटानं चाक थोडं फिरलं.

ज्योत वाकली.

वारा नव्हता. ज्योत आडवी झाली, फटीच्या आत गेली आणि परत बाहेर आली. चाक एक फेरा फिरलं, थबकतंय असं वाटलं, आणि पुन्हा फिरलं. ज्योत पुन्हा आत. ओठ उघडून मिटावेत तसा हलका आवाज. चुक्. चुक्. चुक्. मग वेग आला. चाकावरचा कुंकवाचा ठिपका लाल रेघ होऊन फिरू लागला. ज्योत दर फेऱ्याला आत ओढली जात होती, घोट घेतल्यासारखी. समोरच्या भिंतीवर आमच्या तिघांच्या सावल्या त्याच तालात लहानमोठ्या होत होत्या.

माझं डोकं चालू झालं होतं. ज्योतीची तापलेली हवा आत ओढली जाते, फट मिटते, आत हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पिस्टनला आत ढकलते. टाकी नको, प्लग नको. आमच्या अभ्यासक्रमात असलं इंजिन कधी नव्हतं. खळगा रिकामा राहिलेला नव्हता. तो निरांजनाच्या बुडाच्या मापानं लेथवर कातलेला होता. सगळं मला कळत होतं आणि तरीही दाराच्या बाजूला, मुलगा उभा होता त्याच्याही मागे, बघायची मला हिंमत होत नव्हती.

काकू हात जोडून उभी होती. "एवढंच म्हणत होते ते," ती म्हणाली. इंजिनालाच सांगितल्यासारखं.

तूप संपत आलं. ज्योत बारीक झाली, एकदा आत गेली ती बाहेर आलीच नाही. धुराची दोरी वर चढली. चाक त्यानंतरही फिरत होतं, हळू, हळू, आणि ठिपका वर येऊन थांबला.

मुलगा पुढे आला. पूजेच्या ताटातली काडेपेटी त्यानं उचलली.

"आई, परत लावू?"

काकूनं त्याच्याकडे बघितलं. "आज नको," ती म्हणाली. "आज यंत्राला सुट्टी असते. उद्या लाव. तूच लाव."

ते दोघं गेल्यावर मी पाटी काढली. नवी काय लिहायची ते सुचेना, म्हणून जागा तशीच ठेवली. फटीवर बोट ठेवून चाक फिरवून बघावं असं मनात आलं. बोट टेकलं, तर धातू अजून कोमट होता, माणसाच्या अंगाइतका. मी हात मागे घेतला आणि हॉलला कुलूप लावलं.

दसऱ्याच्या सकाळी मी पोचले तेव्हा ट्रस्टचे अध्यक्ष माझ्यासोबत होते. मीच त्यांना बोलावलं होतं, ते स्वतः बघत नाहीत तोवर तळघराचा विषय संपला नसता. मुलगा आणि काकू फाटकापाशी थांबले होते. आत आल्यावर काकू आपल्या स्टुलावर बसली. मुलानं कुणाला न विचारता खिडक्या लावल्या, पंख्याचं बटण बंद केलं. निरांजनात तूप घातलं, वात सारखी केली, खळग्यात ठेवलं, काडी ओढली. ज्योत स्थिर होईपर्यंत तो वाकून बघत राहिला. मग चाकाला बोट लावलं.

ज्योत आत गेली.

अध्यक्ष पुढे झुकले आणि मोठ्यानं काहीतरी विचारू लागले, हे चालतं कशावर म्हणून. मुलानं वळूनही न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "तो पितोय."

काकूनं झटकन त्याच्याकडे पाहिलं. मीही. आवाज त्याचा नव्हता असं मी म्हणणार नाही, त्याच्या वडिलांचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. पण काकू स्टुलावरून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि घरात कुणी वडीलधारं आल्यावर बायका सरकतात तशी एक पाऊल मागे सरकली.