इटलीची फटफटी आणि जावयाचं धोतर

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट अजून सांगितली जाते, की भाऊजींचा पाय नव्या धोतरामुळे गेला. ती खरी नाही. धोतर देणारी आई आता नाही, भाऊजीही नाहीत. खरं ठाऊक असलेला मी एकटा उरलो, म्हणून लिहितो.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत माझ्याकडे इटलीची एक लाल फटफटी होती. कामठीच्या छावणीतल्या एका अधिकाऱ्याने ती महायुद्धानंतर इटलीहून सोबत आणली होती. बदली झाली तेव्हा त्याने ती मला दिली. शर्यतीची गाडी. हँडल इतकं खाली की चालवताना पाठ वाकडी व्हायची. इतर गाड्यांचं जड चाक इंजिनाच्या पोटात झाकलेलं असतं; हिचं डाव्या अंगाला बाहेर होतं, परातीएवढं, उघड्यावर गरगरणारं. इतवारीतल्या एका लोहाराकडून मी त्यावर पत्र्याचं झाकण करवून घेतलं होतं. पण झाकण बसवल्यावर लोक थांबून बघेनात. मी ते काढून खाटेखाली सरकवलं.

त्या साली धोंड्याचा महिना आला. मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, उमरेडहून जेवायला आले. आम्ही कोष्टी, तेही कोष्टी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, दोन्ही पावलांनी पट्ट्या दाबत ते लुगडी विणत. घर त्यावरच चाले. आईने वाणासोबत धोतर दिलं आणि हेच नेसून जा म्हणून हट्ट धरला. बहीण काही दिवस माहेरी राहणार होती. भाऊजींना पोचवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं.

निघताना त्यांची नजर चाकावर गेली.

"हे उघडं काहून ठेवलं गा? मागच्या खेपेले तर पत्रा होता."

"झाकलं की इंजिन गरम होते, भाऊजी."

ते सोगा कमरेला घट्ट खोचून मागे बसले.

उमरेडच्या अलीकडे छोट्या रेल्वेचं फाटक बंद होतं. गरम इंजिन एकदा बंद केलं की लवकर सुरू होत नसे, म्हणून मी गाडी चालूच ठेवली. भाऊजी उतरून डाव्या बाजूला, माझ्याजवळ उभे राहिले. थांबलेल्या बैलगाड्यांतली माणसं भोवती जमली. पिठाच्या गिरणीचं चाक फटफटीले काहून लावलं, असं एकाने विचारलं आणि सगळे हसले. दुसरा म्हणाला, जोरात फिरवून तर दाखव.

"बंद कर गा," भाऊजी म्हणाले. "बैलं बिथरून राहिले."

मी त्यांच्याकडे न बघता मूठ पिळली.

शेतावरून वारा आला तो त्याच वेळी. धोतराची खालची कड चाकाकडे गेली. जुनं असतं तर फाटलं असतं. आईने निवडून घेतलेलं ते घट्ट विणीचं होतं; फाटलं नाही, पावलासकट आत ओढलं गेलं. मी गाडी बंद केली तोवर घोटा चिरडला होता.

दवाखान्यात वडिलांनी विचारलं, झालं कसं? भाऊजी शुद्धीवर होते. मी म्हणालो, नवं धोतर होतं, सुटलं असेल. ते त्यांनी ऐकलं. पाऊल वाचलं, पण घोटा पुन्हा वळला नाही. माग त्यांच्या धाकट्या भावाकडे गेला आणि भाऊजी घरातल्या बायका-म्हाताऱ्यांबरोबर विणकराच्या कांड्यांवर सूत भरत बसू लागले. फटफटी मी विकली. लोकांना तेही माझं चांगुलपण वाटलं.

पुढे आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिने त्यांना बोलावून घेतलं.

"जावईबापू, मीनं तुमाले ते धोतर नेसवाले नव्हतं पायजे."

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मी बोलावं म्हणून ते थांबले आहेत, हे मला कळत होतं. आईला पाणी आणतो म्हणत मी उठलो. पाठीमागून त्यांचा आवाज आला.

"धोतर चांगलं होतं, आई. माहंच ध्यान नव्हतं."

त्यांचं ध्यान होतं. त्यांनी मला घरीही टोकलं होतं आणि फाटकावरही. बहीण अजून उमरेडला आहे. हे कागद आधी तिला वाचून दाखवीन. मग ती काय म्हणेल ते म्हणो.