नव्या फोनची उघडझाप

मुलगा बोटीवर आहे, इंजिनरूममध्ये. बोटीला नेटवर्क मिळालं की तो घरी व्हिडिओ कॉल करतो, बहुतेक दिवेलागणीच्या सुमाराला. गेल्या सुट्टीत त्याने आईला नवा फोन आणला. जुन्या फोनने नेटवर्क धरणं सोडलं होतं. माझा बटणांचा आहे, मला तेवढा पुरतो.

त्या सुट्टीत एकच गोष्ट बिनसली. शिमग्याला पालखी घरी यायची होती आणि त्याच्या दोन दिवस आधी कंपनीचं बोलावणं आलं. बायकोने समजावून पाहिलं, रागावलीही. तो गेला. पालखीसमोर नारळ मी एकट्यानेच ठेवला.

पुढचे कॉल आले ते असे, की बायको जरा वेळ बोलायची, मग नजर खिडकीकडे वळवायची आणि "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. एकदा ती आत गेल्यावर मुलाने आवाज बारीक केला.

"बाबा, आई अजून चिडलीय का? शिमग्यावरून?"

"नाही रे."

"मग माझ्याकडे बघत का नाही? सारखी बाजूला बघते."

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "त्या फोनकडे बघितलं की कपाळ ठणकतं. मळमळतं. पण त्याला सांगू नका हं. एवढ्या हौसेने आणलाय."

म्हणजे आई फोनला टाळत होती आणि मुलाला वाटत होतं, आपल्याला टाळतेय. हे असंच चाललं असतं तर त्याने फोन करणं कमी केलं असतं. स्वभावाने तो माझ्यावर गेला आहे, मनात ठेवणारा.

मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो. ताळा जुळला नाही तर सगळे आकडे एकदम खोडायचे नसतात, एका वेळी एकच तपासायचा. इथेही तेच केलं. आधी डोळ्यांचे डॉक्टर. चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, तो बदलून घेतला. डोकेदुखी तशीच. मग फोन हातभर लांब धरायला लावला. फरक नाही. मग मी म्हटलं, उजेड डोळ्यांत जातो, तो कमी करू. पडद्याचा उजेड अगदी तळाला नेऊन ठेवला. आमच्याकडे डोळे आले की खोलीत अंधार करतात, त्याच हिशेबाने. त्या दिवशी ती कॉल अर्धा टाकून उठली आणि ओटीवर डोळे मिटून बसली.

उजेड कमी केल्यावर त्रास वाढला, हे मला उलटं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या संगणकावर शोधलं. तेव्हा कळलं, की काही नव्या पडद्यांचा उजेड कमी केला की तो खरोखर मंद होत नाही. पडदा सेकंदाला शेकडो वेळा विझतो आणि पेटतो, आणि आपल्याला तो मंद भासतो. जितका मंद करावा तितका विझलेला वेळ जास्त. डोळ्याला दिसत नाही, पण काहींना सोसत नाही. म्हणजे मीच तिचा त्रास वाढवून ठेवला होता.

तपासायची रीतही तिथेच होती. पडद्यासमोर एखादी बारीक काडी झरझर हलवायची; पडदा विझत-पेटत असेल तर ती तुटक दिसते, नसेल तर सलग. घरी आल्यावर मी खराट्यातला एक हीर ओढून काढला, फोनवर कोरं पांढरं चित्र लावलं, खोलीतला दिवा मालवला आणि हीर हलवला. एका हिराचे फणीच्या दातांसारखे सुटे सुटे अनेक हीर दिसले. मग जुना फोन चार्जरला लावून त्याच्यासमोर हलवला. तिथे नुसता सलग पुसट पंखा.

बायको दारात उभी होती. "फोनची दृष्ट काढताय? मग मीठ-मिरच्या पण आणते."

"ये, तूच बघ."

तिने दोन्हीकडे हीर हलवून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मला काही झालेलं नाही." इतके दिवस तिच्या मनात काय होतं ते मला तेव्हा समजलं. तिच्या आईची नजर उतारवयात गेली होती.

उजेड पूर्ण ठेवला की उघडझाप कमी व्हायची, पण संध्याकाळी तेवढा उजेड खुपायचा. म्हणून रविवारी आम्ही दुकानात गेलो. मी तोच हीर कागदात गुंडाळून नेला होता. प्रत्येक फोनचा उजेड कमी करायचा आणि हीर हलवायचा. तीन-चार फोन झाल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, पाल हाकलताय काय?"

बायको म्हणाली, "त्यांना करू दे. घरी फोनची दृष्ट काढून झालीय."

महागाच्या बहुतेक फोनांत दात दिसले. शेवटी खालच्या फळीवरच्या एकात पंखा सलग आला. दुकानदार नाराज झाला. "हा साधा पडदा हो. लोक हा सासूला देतात."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, "मीही होणारच आहे कधीतरी."

तिने तो तिथेच उभ्याने बराच वेळ बघितला आणि कपाळाला हात लावला नाही. परत येताना मात्र म्हणाली, "त्याला सांगा, त्याचा फोन विहिरीत पडला."

"मी असलं सांगणार नाही. तुला काय सांगायचं ते तूच सांग."

चार दिवसांनी कॉल आला. मुलगा म्हणाला, "आई, आज धुरकट दिसतेस."

"हा दुसरा फोन आहे. तुझा कपाटात ठेवलाय. चांगला आहे, पण माझ्या डोळ्यांना सोसत नाही, डोकं दुखतं. म्हणून तुझ्याकडे बघत नव्हते. शिमग्याचं मी कधीच सोडलं. तुझ्या बापासारखं मनात धरून बसू नको."

तो हसला. ती आणखी काही बोलणार होती, पण थांबली आणि पडद्याकडे वाकली.

"भुवईवर काय लागलंय?"

"काही नाही. जुनं आहे. वाफेचा चटका."

"जुनं म्हणजे कधीचं?"

"दोन महिने झाले असतील. बरं झालंय आता."

मला ते दिसलं नव्हतं. तो टोपी खाली ओढून बसायचा आणि मी जहाज कुठे पोचलं तेवढंच विचारायचो.

"टोपी काढ," ती म्हणाली. "फोन जवळ घे. अजून जवळ."