लोणीफळ आणि जावेचं पपनस

माझी मोठी जाऊ मला कधी नावानं हाक मारत नसे. 'बबर्चीची पोर' म्हणायची. माझे वडील महाबळेश्वरला एका पारशाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते, आणि तिच्या लेखी तो आमच्या घराण्याला लागलेला डाग होता. सासरचं घर पोलादपूरच्या खालच्या अंगाला, स्वतःची भातखाचरं असलेलं. आम्हा दोघींचे नवरे मुंबईला गिरणीत. घरात सासरे, ती आणि मी.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भादवा सरता सरता, वडील आंबेनळी घाट उतरून मोटारीनं आले. दासगावला आत्याकडे निघाले होते. पिशवीतून त्यांनी पाच हिरवी, टणक फळं काढली. साहेबाच्या बागेतली. साहेब त्या फळांना काय म्हणायचा ते वडिलांना नीट उच्चारता येत नसे, ते लोणीफळ म्हणत.

"चार दिवसांनी परत जाताना जेवायला येतो," ते म्हणाले. "तोवर पेंढ्यात ठेव. देठापाशी दाबून बघ, मऊ लागलं की झालं."

ते गेल्यावर जाऊ म्हणाली, "ह्ये काय गो? मेल्या बेडकासारखं दिसतंय."

मी फळं उचलून पेंढ्यात पुरली.

चौथ्या दिवशी सकाळी पेंढा उपसला तर फळं तीनच. उरलेली दोन उकिरड्यावर फुटून पडलेली, आत पिवळंधमक लोणी. मी विचारलं तेव्हा जाऊ भांडं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "कुजली व्हती, टाकली."

तशीच मी परसात गेले. तिथे तिनं स्वतः लावलेलं पपनसाचं झाड होतं. सर्वांत मोठं पपनस तिनं दसऱ्याला राखून ठेवलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोयत्यानं मी नेमकं तेच उतरवलं.

लोणीफळ आणि पपनसाची कोशिंबीर मला वडिलांनीच शिकवली होती. पपनसाची जाड साल काढली, मग एकेका फोडीवरची कडू, पापुद्र्यासारखी साल सोलून नुसता गर घेतला. लोणीफळं बीपर्यंत उभी चिरून पिरगळली, की दोन भाग सुटे होतात. बी काढून चमच्यानं मोठे तुकडे केले आणि त्यावर लगेच लिंबू पिळलं, नाहीतर काळं पडतं. मीठ, चिमूटभर साखर, बारीक हिरवी मिरची, कोथिंबीर. सगळं बोटांनीच हलवलं. डाव लागला की गाळ होतो.

वडील आले, सासऱ्यांच्या शेजारी पाटावर बसले. मी दोघांना वाढलं. वडिलांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून हसले. तेवढ्यात परसातून जाऊ आली. तिच्या हातात पपनसाची साल होती.

"ह्ये कुणी काढलं?"

"मी."

"माझ्या झाडाचं? मला न इचारता?" मग ती वडिलांकडे वळली. "बापाला साहेबाचं उष्टं खायची सवय, लेकीला चोरायची."

वडिलांचा हात ताटातच थांबला. मी सासऱ्यांकडे बघितलं. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. ते खाली मान घालून कोशिंबीर खात राहिले. वाटी संपली तेव्हा म्हणाले, "अजून हाय काय गो?"

वडील उठले, हात धुतले, पिशवी उचलली. मी त्यांच्यामागून सडकेपर्यंत गेले. मोटार दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "मीठ थोडं कमी झालं होतं." ते त्या घरात पुन्हा कधी आले नाहीत. मी माहेरपणाला वर जायची तेव्हाही त्यांनी तो विषय काढला नाही.

पपनस मी वडिलांसाठी काढलंच नव्हतं. जावेला झोंबावं म्हणून काढलं, आणि तिनं ते माझ्या वडिलांवर फेकलं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तिला माफ केलं नाही, आणि सासऱ्यांना तर मुळीच नाही. त्यांना मी शेवटपर्यंत वाढलं, पण त्यांच्या ताटात कोशिंबीर म्हणून कधी काही पडलं नाही.

मार्गशीर्षात मी वेगळी चूल मांडली, सासरे दोन्हीकडे आळीपाळीनं जेवू लागले. मधे कुडाची भिंत आली. त्या बाजूनं जावेनं सारवली, या बाजूनं मी.