साहेबाच्या कुत्रीचे नऊ दिवस

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. आधी चहा मात्र संपवा. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल. ऐन तिशीत मी असा शहाणपणा केला, की कोलशेतची मंडळी अजून मला पाहून तोंड फिरवून हसतात.

मी तेव्हा कोलशेतच्या खाडीवर, मिठागरांच्या चौकीत हंगामी कारकून होतो. किती वर्षं? सात! दरवर्षी कायम होण्याची स्वप्नं बघायची, एवढंच. चौकीची जागाच तशी होती हो. समोर खाडी, उन्हात पांढरेशुभ्र मिठाचे ढीग, शिडं लावून सावकाश जाणारे मचवे. पाच मिनिटं बसलं की माणूस उघड्या डोळ्यांनी झोपी जाई. मी तर दिवसभर बसत असे.

त्या उन्हाळ्यात आमचे मिठाचे साहेब दौऱ्यावर निघाले आणि आपली विलायती कुत्री डेझी माझ्या हवाली करून गेले. कल्याणच्या एका साहेबाकडे त्याच जातीचा कुत्रा होता. त्याच्याशी तिची सोयरीक ठरली होती. पिल्लं कोणाकोणाला द्यायची, तेसुद्धा ठरलं होतं. मला हुकूम असा, की रक्त दिसलं की त्याच दिवशी कळवायचं आणि ती माजावर असेपर्यंत दुसरा कुत्रा जवळ फिरकू द्यायचा नाही. एवढं नीट पार पाडलं तर जागेचं बघतो, असं साहेब स्वतः म्हणाले होते.

आता माझ्यासारख्या संसारी माणसाला हे काय शिकवायचं? आठवड्याभरात डेझीला कावळा शिवला. मी लगेच साहेबांना कळवलं आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे तिला मागल्या पडवीत बाजूला बसवलं. वेगळं तरटाचं आसन, वेगळी थाळी. कुंपणाबाहेर गावातले कुत्रे दिवसभर जमायचे. मी सोटा घेऊन पहारा केला.

चौथ्या दिवशी पाणी तापवलं, पण रक्त थांबेना. विलायती प्रकृती, जरा जास्त चालणार, म्हणून पुन्हा बसवली. नवव्या दिवशी रंग अगदी फिका पडला. मी शिकेकाई काढून तिला न्हाऊ घातलं. बायको म्हणाली, "माझ्यासाठी कधी एवढी काढली नाहीत." मी म्हटलं, तुझ्या न्हाण्यानं मी कायम होणार आहे का?

न्हाल्यावर डेझी फारच लाघवी झाली. पाठीवर हात ठेवला की शेपटी एका बाजूला सारून उभी राहायची. मला ती अदब वाटली. साहेबाघरचं वळण!

दुपारी तिला मोकळी घेऊन खाडीवर निघालो, तर वाटेत हिराबाई भेटली. मिठागरात राबणारी म्हातारी आगरीण, दारात चार कुत्री बाळगून होती. डेझीकडे बघून ती थबकली.

"रगात थांबला म्हून सोरलंस काय हिला? आता त खरा जपाचा हाय. आजून आठ-दहा दीस बांदून ठेव."

मी हसून पुढे गेलो. तिला काय कळतंय, आम्ही घरात शास्त्र पाळणारी माणसं.

ती दुपार मी जन्मभर विसरणार नाही. बांधावर आडवा झालो. वारा मंद होता, भरतीचं पाणी लुकलुकत होतं. मिठाच्या ढिगांत मला माझी नवी पगडी दिसू लागली, कायम कारकुनाची. लांबवर डेझी एका पिवळ्या, फाटक्या कानाच्या कुत्र्याबरोबर पळापळी करत होती. हिराबाईचाच कुत्रा तो. माझं मन भरून आलं. नऊ दिवस एकटी बसलेली पोर, तिलाही कुणी सोबती मिळाला. मी डोळे मिटले. मला खरंच फार सुखी वाटत होतं.

तीन दिवसांनी साहेब घाईघाईनं आले, डेझीला कल्याणला न्यायला गाडी घेऊनच. मला त्यांची कीव आली.

"साहेब, उशीर केलात," मी म्हटलं. "तिचं तीन दिवसांपूर्वीच आटोपलं."

साहेबांनी डेझीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं अदबीनं शेपटी बाजूला सारली. साहेबांचा चेहरा उजळला. "आटोपलं नाही, कारकून. आता तर वेळ आली. हे तीन दिवस कुठं होती ही?"

"मोकळी, साहेब. पण रक्त पूर्ण थांबल्यावरच सोडली, एक दिवस आधी नाही."

साहेबांनी डेझीच्या गळ्यात साखळी अडकवली. मग शांतपणे विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

मला वाटलं, कायम करताना माणसाचा संसार विचारत असतील. मी छाती काढून सांगितलं, "सहा, साहेब. सातवं वाटेवर आहे."

"वाटलंच होतं," साहेब म्हणाले आणि कुत्री घेऊन निघून गेले.

दोन महिन्यांनी डेझीला पाच पिल्लं झाली, पाचही पिवळी. जागा दुसऱ्याला गेली. आणि साहेबांना तेव्हा नेमकं काय वाटलं होतं, ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आमच्या घरात नववं रांगत होतं.