कालवाचा काप

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण कुठली वस्तू टिकते नि कुठली नाही, हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी घमेंड होती.

चौसष्टाव्या वर्षी हृदयाची झडप खराब झाली. थळहून मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर नमुन्याच्या दोन झडपा ठेवल्या. एक काळी, चकचकीत. ती जन्मभर टिकते, पण रक्त पातळ करायची गोळीही जन्मभर. दुसरी जनावराच्या पडद्याची. ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, पण ती गोळी बहुतेक तीन महिन्यांत बंद. तुमच्या वयाला दोन्ही चालतील, म्हणाल्या, तुम्ही ठरवा.

मी काळीवर बोट ठेवलं. "एकदाच काय ते. झिजणारी वस्तू मी घरात घेत न्हाय."

"काका, कामात कधी कापतं का? त्या गोळीवर रक्त लवकर थांबत नाही."

"न्हाय."

खोटं नव्हतो बोललो. आमच्याकडे कालवाचा काप कोणी जखमेत धरतच नाही. ओहोटीला खडपावर, समुद्रातल्या उघड्या खडकावर, बसून कालवं फोडायची म्हणजे शिंपल्याची धार बोटात जाणारच. हात खाऱ्या पाण्यात बुडवायचा नि पुढचं फोडायचं. कोयत्याने बोट तुटलं, तर ते कापलं.

बायको मागे बसली होती. ती उठली, माझा हात मनगटाला धरला नि बाजारात मासळी टाकावी तसा टेबलावर उलटा टाकला. "बघा बाय, यांची न कापलेली बोटं!"

बाईंनी वाकून बघितलं. "हे रोज होतं?"

"रोज कुठं? खडप उघडं पडेल त्या दिवशी."

"मग काका, खडप सोडणार, की ही काळी झडप?"

"हे खडप सोडतील?" बायको म्हणाली. "त्याआधी मला सोडतील."

"पण दुसरी झिजेल त्याचं काय?" मी आवाज चढवला.

"झिजेल तेव्हा तुम्ही ऐंशीचे. कुरकुरायला काहीतरी नको का तुम्हाला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी नाही हसलो. दोन दिवस बायकोशी बोललोही नाही. ऑपरेशनच्या कागदावर सहीच्या वेळी ती चहा आणायला गेली, तेवढ्यात मी बाईंना हळूच म्हटलं, "ती पडद्याची घाला."

त्याला आता तीन वर्षं झाली. ती गोळी कधीच सुटली, खडप सुटलं नाही. पुढे झडप झिजेल तेव्हा बघू. डॉक्टरीणबाईंचे उपकार मी दारात येईल त्याला सांगतो. बायकोचे काही तोंडातून निघत नाहीत. परवा वाटीभर कालवं आणून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "तुला."

"नि रांधणार कोण?" ती म्हणाली.

मी रांधली. मीठ जास्त पडलं होतं. तरी वाटी पुसून खाल्ली तिने.