तेल न पिणारी गाडी

आमच्या मुलुंडच्या गॅरेजमध्ये गाडी आली की बाबा आधी बॉनेट उघडत नाहीत. आधी वाकून गाडीखालची जमीन बघतात. तेलाचा एखादा थेंब दिसला की त्यांचं तोंड असं होतं, जणू त्यांच्याच ताटात कोणी माती टाकली. हे दुखणं जुनं आहे. तरुणपणी ते गिरणीत साचेखात्यात होते, मागांना तेल घालायच्या कामावर. तेल कमी पडलं तर माग कुरकुरायचा, जास्त झालं तर कापडावर डाग पडायचा, आणि डागाचं कापड निघालं की सगळ्या खात्यासमोर उद्धार व्हायचा. गिरणी बंद पडली, बाबा गाड्यांकडे वळले, पण हातातली ती शिस्त गेली नाही. "माझ्या हातातसून गेलेला इंजिन तेल पिना नाय," असं ते मालवणीत सांगत आणि ते खरंही होतं. घाटकोपरपर्यंतची माणसं त्याच एका गोष्टीसाठी आमच्याकडे यायची. मला या नावाचा माज होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्यात चेंबूरच्या एका निवृत्त डॉक्टरांची गाडी आमच्याकडे यायला लागली. परदेशातली नोकरी संपवून येताना त्यांनी ती जहाजाने आणली होती. जुनी, बुटकी, लाल, आणि आत रोटरी इंजिन. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर होतात. यात पिस्टनच नाहीत. तीन कोपऱ्यांचा एक जाड लोखंडी तुकडा आत गरगर फिरतो. बाबा त्याला समोसा म्हणायचे; या गाडीत असे दोन समोसे होते. त्या समोशाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक पट्टी असते, ती सारखी भिंतीला घासत जाते. ती झिजली की इंजिनाचा दम गेला, आणि ती पट्टी इथल्या बाजारात कुठल्याच दुकानात मिळत नाही.

डॉक्टरांनी गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, इंग्रजीतलं. बाबांनी ते कपाटावर टाकलं. "इंजिन कानान वाचूचा असता," ते म्हणाले. मी डिप्लोमा केलेली, पुस्तकांची खोड असलेली मुलगी. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता मी ते पान पान वाचून काढलं. गाडी मात्र बाबांचीच होती. तिला हात लावायचा तो त्यांनी, मी फक्त पाने-पकडी द्यायचे.

यंदा ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा बाबांनी जुनं तेल खालच्या डब्यात सोडलं आणि मला हाक मारली. डबा उचलून दाखवला. "बघ गो. जेवढा घातलंय, तेवढाच भायर इला. थेंब कमी नाय." त्यांचा चेहरा फुलला होता. मी मात्र कपाटावरचं पुस्तक खाली काढलं.

कारण पुस्तकात नेमकं उलटं लिहिलं होतं. या इंजिनाला तेल प्यावंच लागतं. एक छोटा पंप दोन बारीक नळ्यांतून थेंब थेंब तेल आत सोडतो, ते त्या पट्ट्यांना ओलं ठेवतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं; किती सोडायचं ते पंपावरच्या एका स्क्रूने ठरतं. म्हणून तेल दर महिन्याला बघायचं आणि कमी झालेलं वरून घालायचं. रोटरी गाडीचं तेल कमी होत नसेल, तर पट्ट्या कोरड्या घासतायत.

"बाबा, तुम्ही पंपाचा स्क्रू फिरवलात?"

"फिरवलंय. गेल्या दिवाळीक. धूर मारी होती ती. मगे काय, तेल जळताना बघीत रवूचा?"

मी त्यांना पंप समजावून सांगायला गेले. आवाज थोडा चढलाच माझा, माझं तोंड तसंही फटकळ आहे. ते ऐकत राहिले, मग हात पुसले आणि घरी निघून गेले. जेवताना आईकडून मीठ मागून घेतलं, माझ्याकडून नाही. मी हट्टाने माफी मागितली नाही. पण डोक्यातून गाडी जात नव्हती. पट्ट्या गेल्या असतील तर डॉक्टरांची गाडी संपली, आणि ती संपवणारा हात बाबांचा. आयुष्यभर कमावलेलं नाव एका स्क्रूपायी जाणार होतं.

सकाळी ते माझ्याआधी गॅरेजमध्ये हजर. हातात खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण. "पुस्तकात काय मोजूक सांगितला हा? दाखव."

आम्ही पंपाच्या नळ्या सोडवल्या. तेवढ्या वेळात पट्ट्या कोरड्या पडू नयेत म्हणून मी पेट्रोलमध्येच थोडं तेल मिसळलं. इंजिन एका वेगावर धरलं, बाबांनी नळ्यांची तोंडं झाकणात धरली, मी घड्याळ लावलं. पुस्तकाप्रमाणे झाकणात चांगलं बोटभर दिसायला हवं होतं. जेमतेम तळ ओला झाला. बाबा त्या तळाकडे बघत राहिले. मग त्यांनीच स्क्रूड्रायव्हर मागितला आणि स्क्रू उलटा फिरवायला घेतला. थोडं फिरवायचं, पुन्हा मोजायचं. चौथ्या खेपेला माप जुळलं.

आता खरा प्रश्न उरला होता. नुकसान झालंय का? त्यासाठी प्लग काढून स्टार्टर मारायचा आणि भोकातून येणारी हवा ऐकायची. फस्, फस्, फस्. तिन्ही आवाज सारखे असले तर तिन्ही कोपरे शाबूत. एक जरी दबका आला तरी खेळ खलास. मी दोनदा ऐकलं आणि मला काही कळेना, भीतीने कान बधिर झाल्यासारखे झाले होते. बाबांनी मला बाजूला केलं, स्टार्टर मारायला लावला आणि डोळे मिटून बॉनेटमध्ये वाकले. एका समोशाचं ऐकलं, मग दुसऱ्याचं. मग पुन्हा पहिल्याचं.

"सारखे हत," ते म्हणाले. "तिनय सारखे." आणि तिथेच स्टुलावर बसले.

पुस्तक मी वाचलं, पण इंजिन वाचलंय हे त्यांच्या कानांनी सांगितलं. मला तेव्हा वाटलं, अशा माणसाची मी मुलगी आहे, आता मला अजून काय हवं?

रविवारी डॉक्टर गाडी न्यायला आले. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, जरा पंपाचं सेटिंग केलंय म्हणून. खोटं नव्हतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले.

"डॉक्टर, चूक माझी आहे. गाडीचं तेल मीच तोडलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर इंजिनची वाट लागली असती. हिने पकडलं."

शेजारचा टायरवाला आणि चहा प्यायला थांबलेले दोन रिक्षावाले ऐकत होते. बाबांनी आवाज कमी केला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी ठीक आहे ना?"

"एकदम. पण आता ती तेल पिणार. पिऊ दे. महिन्याने बघायचं, कमी झालं तर घालायचं. आणि कमी झालं नाही, तर लगेच फोन करा. मला नको. हिला."

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझा नंबर विचारला. बाबांना स्वतःचा नंबर आठवत नाही, तो त्यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. माझा मात्र त्यांनी एकेक आकडा सावकाश उच्चारत सांगितला, कुठेही न अडखळता.